पाचवं नाव

“कापसाची काडी गालात आतून फिरवायची, बस. एक तुमची, एक या बुजुर्ग बेकबोलोत अक्सकालांची,” जीवशास्त्राच्या बाई बुरुल एझे म्हणाल्या. “दोघं खरंच एका पुरुषाचे वंशज आहेत का, ते दोन आठवड्यांत कळेल.”

सभागृहातली सगळी डोकी मागे वळली. दाराशी, स्पीकरच्या पेटीजवळ ताबिल्दी बायके, म्हणजे आम्हा सगळ्यांचे ताबिल्दीदादा, उभे होते. वायरचं वेटोळं हातात तसंच राहिलं होतं.

कराकोलच्या आमच्या विद्यापीठात दर गुरुवारी खुली चर्चा भरते. सोन्याची खाण, आटत चाललेली हिमनदी, लसी, पळवून आणलेल्या नवऱ्या, विषयाला बंदी नाही. कुणीही उठावं, माइक मागावा, तावातावाने बोलावं. मी नोंदी लिहिते. बायके खुर्च्या मांडतात आणि माइक पोचवतात. चोवीस वर्षं अख्ख्या गावाला त्यांनी बोलतं केलं, स्वतः मात्र कधी तोंड उघडलं नाही. मी चिडवायची, “बायके, तुमचं मत काय?” ते म्हणायचे, “वायर कुणी तुडवू नये, एवढंच.”

आजचा विषय मात्र त्यांच्याच घरातून उठून आला होता : सात पिढ्यांत लग्न नको, ही रूढी की विज्ञान? तो सुचवला होता त्यांच्या लेकीने, पेरिझातने. ती इथेच जीवशास्त्र शिकते. वर्गातल्या सांजारशी तिचं जमलं होतं. महिन्यापूर्वी त्याच्या घरचे तिच्या कानात डूल घालायला, म्हणजे लग्न ठरवायला आले. चहा झाला आणि म्हाताऱ्यांनी रीतीप्रमाणे सात बापजाद्यांची नावं विचारली. आमच्याकडे नावं विचारली की माणूस विचार करत बसत नाही, घडाघडा म्हणून मोकळा होतो. बायकेंनीही मोठ्या तोऱ्यात म्हटली. पाचवं नाव आलं बोतोबाय, आणि सांजारचे आजोबा बेकबोलोत यांनी पेला खाली ठेवला. त्यांच्याकडेही पाचवा बोतोबायच होता. मुलं एकाच गोताची ठरली आणि डूल डबीत परत गेले.

दुसऱ्या दिवशी बायके माझ्या टेबलापाशी येऊन बसले.

“आसिपा, ती नावं माझी नाहीत गं.”

“म्हणजे?”

“सोरोनबायला, म्हणजे माझ्या बापाला, मी खिंडीतल्या ट्रकच्या थांब्यावर मिळालो. मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेला. आई मरताना बोलली. बायकोलाही सांगितलं नाही मी.”

ताबिल्दी म्हणजे सापडला. उशिरा झालेल्या पोरांनाही हे नाव ठेवतात, त्यामुळे कुणाला कधी शंका आली नव्हती.

“अहो मग सांगून टाका! लग्न होतंय की पोरीचं,” मी म्हणाले.

“आणि त्यांनी विचारलं, मग हिचे सात कोण, तर?”

एवढं बोलून ते खुर्च्या मांडायला निघून गेले.

आज पेरिझातने नवीनच वाट काढली. “बोतोबाय नावाचा माणूस काय जगात एकच झाला?” ती भर सभेत म्हणाली. “त्यांचा वेगळा असेल, आमचा वेगळा असेल. तपासा ना!” पोरांनी टाळ्या वाजवल्या. बुरुल एझेंना हेच हवं होतं, काड्या त्यांच्या पर्समध्ये तयारच होत्या.

“अता, या ना पुढे,” पेरिझात बापाला हसत म्हणाली. “दुखत नाही हो.”

मला वाटलं, सुटले बायके! गप्प राहून काडी द्यायची. रक्त जुळणार नाही, बोतोबाय दोन होते असं सगळे म्हणतील, लग्न होईल. तेवढ्यात बेकबोलोत काठी टेकत उठले.

“घ्या माझी थुंकी. पण नाही जुळलं, तर सोरोनबायचं अख्खं घराणं आमच्या गोतातून बाहेर. इतकी वर्षं आमच्या बापाचं नाव फुकट मिरवलं म्हणायचं.”

बायके पुढे आले. बुरुल एझेंनी काडी पुढे केली, पण बायकेंनी माइक मागितला.

“सोरोनबायचं नाव खरंय,” ते म्हणाले. “खोटा मी आहे. मला त्यांनी उचलून आणलं. माझं रक्त कुणाचं, मला माहीत नाही. माझ्या थुंकीवरून त्यांना काही बोलू नका.”

पेरिझात उभी होती ती खाली बसली. बेकबोलोत बोलले, आवाजात राग नव्हता.

“मग गोताचा प्रश्न मिटला. पण बाबा, तुझ्या पोरीचे सात कोण?”

“माहीत नाही.”

“मग मी घरी कुणाची नात नेऊ?”

सगळे सांजारकडे बघायला लागले. तो बुटाच्या नाडीकडे बघत होता. मला त्या पोराचा इतका संताप आला की लिहिता लिहिता पेन्सिलीचं टोक मोडलं. पेरिझातने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि मग त्या बाजूला मान वळवली नाही.

बुरुल एझे आनुवंशिकतेबद्दल काही सांगत राहिल्या, ते कुणी ऐकलं नाही. सभा संपली.

जो बोलला त्याने वहीत बापाच्या नावासकट सही करायची, असा आमच्याकडे नियम आहे. रांग लागली. बायके आले, त्यांच्या मागे बेकबोलोत. बायकेंनी पेन घेतलं, ‘ताबिल्दी’ लिहिलं आणि थांबले. पुढे बापाचं नाव आणि ‘उलू’ लिहायचं, म्हणजे अमक्याचा मुलगा. मी हळूच म्हणाले, “राहू द्या बायके, एवढंच चालेल.” मागून बेकबोलोत वाकून बघत होते. पेरिझात बापाजवळ येऊन उभी राहिली, तिचे डोळे सुजले होते.

बायकेंनी चष्मा नीट केला आणि मोठ्या, शाळकरी अक्षरात लिहिलं : सोरोनबाय उलू.

“वाचता येतंय ना?” त्यांनी मला विचारलं.

“येतंय,” मी म्हणाले.

त्यांनी मागे वळून पेन बेकबोलोतच्या हातात दिलं.