पाच हजार सहाशे चौदा राठोड

"बाबा, जरासं थांबा. अजून फिरूनच राह्यलं."

बबिताने पडद्यावरून नजर न काढता सांगितलं. पडद्यावर निळं चक्र गरगरत होतं. तीन नंबरच्या खिडकीचे गज धरून देवीलाल राठोड उभे होते. सत्तरीचे, दम्याचे. त्यांच्या छातीची घरघर तिला गजांतून ऐकू येत होती. घाटंजीच्या बाजाराचा दिवस म्हणजे दवाखान्यात जत्रा. तांड्यांवरची माणसं एकाच फेरीत बाजार आणि दवाखाना दोन्ही उरकतात. आजही रांग पार फाटकाबाहेर, रसवंतीच्या गाड्यापर्यंत गेली होती.

"काहून लागून राह्यला एवढा टाइम?" रांगेतून कुणीतरी ओरडलं. "झोपली का थे बाई?"

एक नंबरच्या खिडकीवर निशिगंधाचं काम मात्र सपासप चाललं होतं. नाव विचारलं, पर्ची दिली, पुढचा. नाव विचारलं, पर्ची दिली, पुढचा.

शेवटी चक्र थांबलं. यादी उघडली, देवीलाल सापडले, पर्ची निघाली. म्हातारा निघाला तोच शिपाई आला. "ताई, साहेबानं बलावलं. आत्ताच."

भगवानराव गावंडे हे ट्रस्टच्या त्या दवाखान्याचे व्यवस्थापक. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, मनाने सरळ. पण छापील कागदावर त्यांचा फार विश्वास. टेबलावर एक छापील कागदच होता.

"बबिताताई, हे सॉफ्टवेअरच्या कंपनीनं पाठवलं पुण्याहून. एका पेशंटमागं किती वेळ लागते त्याचा तक्ता आहे. एक नंबर खिडकी, पावणेदोन मिनिटं. दोन नंबर, दोन मिनिटं. अन् तीन नंबर..." त्यांनी चष्मा काढला. "चार मिनिटं."

बबिताने कागद आपल्याकडे ओढून आकडा पुन्हा वाचला.

"थे म्हणतात, सॉफ्टवेअर बराबर आहे. साठ दवाखान्यांत चालून राह्यलं. तुमचं नेट कमजोर आहे, नाहीतर ऑपरेटर कमजोर आहे. सोमवारी त्यांचा इंजिनिअर येते, ट्रेनिंग घ्यायले. पाहू आपण. नाहीतर तुम्हाले आत, जुन्या फायलीच्या खोलीत..."

"एकोणीस वर्षं झाली साहेब मले खिडकीवर."

"मले काय माहीत नाही का ताई? पण हे आकडे आहेत ना आता."

एकोणीस वर्षं! शाईच्या पेनाने रजिस्टर भरण्यापासून तिने सुरुवात केली होती. स्वतः तांड्यावरची, गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलणारी. त्यामुळे भोवतालच्या तांड्यांवरचं माणूस आलं, की ते तीन नंबरलाच यायचं. दीड वर्षापूर्वी कॉम्प्युटर आला, तेव्हा तिने दोन महिने घरी जुन्या कीबोर्डवर बोटं घासली. निशिगंधाइतकी नाही, पण तिची बोटं चालायची. मग चार मिनिटं कुठून आली?

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक शंभर पानी वही घेऊन आली. छापील आकड्यांनी तिला आरोपी केलं होतं ना, मग तीही आकडेच काढणार होती. डाव्या हाताला मोबाइलमधलं घड्याळ, उजव्या हाताला वही. पेशंटचं नाव, बटण दाबल्यापासून यादी येईपर्यंतचे सेकंद. इतकंच.

"ताई, हे काय करून राह्यली व तू?" निशिगंधाने विचारलं.

"भुताचा माग काढून राह्यली."

दोन दिवस वहीत आकडे साचत गेले. चार सेकंद. तीन सेकंद. एकशे अडुसष्ट सेकंद. पाच सेकंद. एकशे सत्तर. काही मेळ बसेना. सकाळी हळू आणि दुपारी जलद म्हणावं, तर तसंही नाही. गर्दीत हळू म्हणावं, तर दुपारी दोनला खिडकी ओस पडलेली असतानाही एकशे सत्तर सेकंद लागले होते.

शनिवारी उकंडा आत्राम नावाचा कोलाम आदिवासींच्या पोडावरचा, वस्तीवरचा माणूस आला. कार्ड हरवलेलं, म्हणजे नावावरूनच शोधायचं. तिने आडनाव टाकलं, नाव टाकलं, बटण दाबलं, आणि घड्याळ सुरू करायच्या आतच उकंडा पडद्यावर हजर! त्याच्या पाठोपाठ चव्हाणांची बाई. कार्ड तिचंही नव्हतं. चक्र फिरायला लागलं. फिरलं, फिरलं, फिरतच राहिलं.

तार तीच. नेट तेच. बोटं तीच. मध्ये मिनिटसुद्धा गेलेलं नाही.

बबिताने वही उघडली. लाल पेन घेतला आणि शंभर सेकंदांच्या वरच्या सगळ्या नावांखाली रेघा ओढत गेली. राठोड. राठोड. चव्हाण. राठोड. पवार. जाधव. राठोड. आडे. राठोड. सगळी तांड्यावरचीच आडनावं. खालच्या, तीन-चार सेकंदांच्या नावांत एकसुद्धा राठोड नव्हता.

"निशिगंधा!" ती एवढ्या जोरात ओरडली, की रांगेतलं एक लेकरू रडायला लागलं.

जेवणाच्या सुटीत दोघींनी डबे उघडलेच नाहीत. बबिता निशिगंधाच्या खिडकीवर जाऊन उभी राहिली.

"तुह्या मशीनवर राठोड टाक."

"माह्यावर कायले? माहं तं फास्ट चालते."

"टाक तं खरं."

निशिगंधाने टाकलं. चक्र फिरायला लागलं. दोघी मोबाइलच्या आकड्यांकडे बघत राहिल्या. तीस. साठ. नव्वद. निशिगंधाच्या चेहऱ्यावरचं हसू मावळत गेलं. एकशे एकोणसत्तरला यादी आली.

"म्हणजे... माहं मशीन फास्ट नाही." ती हळूच म्हणाली. "ताई, तांड्यावरचं कोनी आलं की मीच म्हनत होती ना, तीन नंबरले जा, थ्या ताईले तुमची बोली येते."

"जाऊ दे व. आता मले सांग, यादीत नसलंच असं एक नाव सांग."

"रोझी."

बबिताने टाकलं, रोझी राठोड. निशिगंधा फिसकन हसली. "रोझी राठोड कोन्या तांड्याची व?" पण चक्र फिरत होतं आणि बबिता हसत नव्हती. एकशे एकाहत्तर सेकंदांनी पडद्यावर आलं, असं नाव नाही. मग रोझी वानखडे टाकलं. सहा सेकंदांत उत्तर: असं नाव नाही. मग रोझी आत्राम. बटण दाबताच, असं नाव नाही.

"समजलं का?" बबिताने पडद्यावर बोट ठेवलं. "रोझी आहे का नाही, यानं काही फरक पडत नाही. तांड्यात जाऊन 'राठोड, या रे!' अशी हाक मारली तं काय होईन? अख्खा तांडा येऊन उभा राहीन. हे मशीन तेच करून राह्यलं! आधी सगळ्या राठोडायले उठवते, समोर उभं करते, अन् मंग त्यातला देवीलाल शोधते. जेवढं आडनाव मोठं, तेवढा वेळ मोठा!"

निशिगंधाने तिचे दोन्ही हात धरले. दोन पोरी झिम्मा खेळतात तशा त्या नोंदणीच्या खोलीत गरकन एक गिरकी घेऊन थांबल्या. एकीचं वय सत्तेचाळीस होतं.

सोमवारी इंजिनिअर आला. रजत नाव, पंचवीस-सव्विसाचा, पाठीवर काळी बॅग. भगवानरावांनी सगळ्यांना सभागृहात बसवलं. रजतने भिंतीवर चित्रं दाखवायला सुरुवात केली: जलद नोंदणीच्या दहा सवयी. पहिलीच सवय होती, दोन्ही हातांनी टाइप करा.

बबिता उठून उभी राहिली.

"सर, ट्रेनिंगच्या आधी दहा मिनिटं माह्या खिडकीवर येता का?"

"मॅडम, प्रश्न शेवटी घेऊ आपण."

"प्रश्न नाही सर. उत्तर आहे."

भगवानरावांनी तिच्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत या बाईने कधी आवाज चढवला नव्हता. "चला," ते म्हणाले, "पाहून तं घेऊ."

खिडकीमागे सगळे दाटीवाटीने उभे राहिले. बबिताने वही पुढे ठेवली. रजतने पहिलं पान सवयीने चाळलं. "हे नेटवर्कमुळे होतं, मॅडम. तुमच्याकडे लाइन..."

"सर्व्हर कुठं आहे सर?"

"सर्व्हर... इथेच. तुमच्या तळघरात."

"म्हणजे नाव शोधाले पुण्याले जा लागत नाही. बरं, आता तुम्ही बसा खुर्चीवर. तुमचे हात तं ट्रेनिंग झालेले आहेत. आत्राम टाका."

रजतने टाकलं. लगेच आलं.

"आता राठोड."

दोन मिनिटं पन्नास सेकंद चक्र फिरत राहिलं. रजतने एकदा कॉलर सैल केली, एकदा वहीकडे पाहिलं. या वेळी बोटं त्याची होती आणि त्यांचाही वेळ मोजला गेला होता.

"सर, एक विचारू?" बबिता म्हणाली. "तुम्ही पुण्यात हे तपासलं तेव्हा किती राठोड घेतलते?"

रजत विचारात पडला. "हजार नावांची यादी होती आमची. सगळी आडनावं वेगवेगळी. राठोड... एक असेल."

मग तो उठला, बॅग घेतली आणि तळघराकडे निघाला. "मॅडम, तुम्ही पण या."

भगवानरावही मागोमाग उतरले. तळघरात थंडी होती. रजतने आपला लॅपटॉप जोडला. सर्व्हर काय काय करतो ते ओळीओळीने दिसेल अशी एक खिडकी उघडली. निशिगंधाला फोन करून वरून राठोड टाकायला सांगितलं. आणि पडद्यावर ओळी धावायला लागल्या. कापसाच्या गाडीतून बोंडं सांडावीत तशा, थांबायचं नावच नाही. एकसारख्या ओळी, फक्त शेवटचा आकडा वेगळा.

"अबे!" रजत खुर्चीतून उठलाच. पुण्याची भाषा कुठल्या कुठे गेली. "हे काय करून राह्यलं हे! काकू, हे पाहा! यादी काढते, अन् मंग यादीतल्या एकेका मानसासाठी परत कोठीत जाते. त्याची पूर्ण फाइल आनते. एक्स-रे, फोटो, सगळं! मंग दुसऱ्यासाठी पुन्हा जाते!"

"तुम्ही कुठले हो?" भगवानरावांनी विचारलं.

"नेरचा, साहेब. आपल्याच जिल्ह्यातला."

"मंग सरळ सांगा. म्हणजे बाजारात जाऊन मेथीची एक जुडी घ्याची, घरी याचं, अन् कांद्यासाठी पुन्हा बाजारात?"

"हाव! अन् दर खेपेले अख्खी दुकान उचलून आनायची!" त्याने मोजणी लावली. तिघे वाकून बघत राहिले. दवाखान्याच्या नोंदीत राठोड होते पाच हजार सहाशे चौदा. सर्व्हरच्या खेपा झाल्या होत्या पाच हजार सहाशे पंधरा. एक यादीसाठी आणि एकेक प्रत्येक राठोडासाठी.

बबिताला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने पदर तोंडाला लावला.

रजतने तिथूनच पुण्याला फोन लावला. पलीकडून वरिष्ठांचा आवाज आला, आधी त्यांचं नेट बघ. "नेट नाही सर," रजत म्हणाला. "आपलं चुकलंय. मी आकडे पाठवतो. आणि सर, हे मी शोधलेलं नाही. इथल्या खिडकीवरच्या बबिता राठोड मॅडमनी शोधलंय. नाव नीट लिहून घ्या."

दुरुस्ती यायला दोन दिवस लागले. आता यादीत फक्त नाव, बापाचं नाव आणि गाव येणार होतं. फाइल उघडणार ती ज्याच्यावर बोट ठेवलं त्या एकट्याची. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी बबिताने पहिल्यांदा राठोड टाकून पाहिलं. चक्र दिसलंच नाही. तिला वाटलं, बटण दाबायचंच राहिलं. पुन्हा दाबलं. दोन सेकंद.

बाजाराच्या दिवशी ती पावणेआठलाच खिडकीवर बसली. राठोड, चव्हाण, पवार, राठोड, राठोड. पर्च्या सुटत होत्या. साडेनऊला रांग फाटकाच्या आत होती, दहाला पायऱ्यांवर. भगवानराव दोनदा येऊन दारात उभे राहून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "ताई, थो तक्ता मी फाडून टाकला." आणि वळून चालू लागले.

दहाच्या सुमारास लालीबाई आल्या. ऐंशीच्या पुढच्या, कपाळावर गोंदण, काठीला कापडी पिशवी अडकवलेली. बबिताने त्यांच्याशी गोरबोलीतच बोलायला सुरुवात केली. "आव याडी." ये, आई. नाव विचारलं, गाव विचारलं, आणि म्हातारीने काठी भिंतीला टेकवायच्या आत पर्ची तिच्या हातात दिली.

लालीबाईंनी पर्ची उलटीपालटी करून पाहिली. "झालं?"

"झालं, याडी. डॉक्टरकडं जा आता."

म्हातारी हलली नाही. खिडकीजवळ तोंड आणून तिने हळूच विचारलं, कुणी ऐकू नये अशा आवाजात. "मग इतके दिवस एवढा वेळ काय लागायचा ग बाई? आम्हाला वाटायचं, आमचं नावच लिहायला अवघड असेल."

गजांतून हात घालून बबिताने म्हातारीचा हात दाबला. मागचा माणूस पुढे सरकला. पवार. दोन सेकंद.

अकराला ती पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा लालीबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. तपासणी झाली होती, गोळ्या मिळाल्या होत्या. तांड्याकडची गाडी दोनला होती. दिवसभर थांबावं लागेल म्हणून त्यांनी दोन वेळची भाकर बांधून आणली होती. आता मांडीवर फडकं पसरून, मिरचीच्या ठेच्याशी, कसलीही घाई नसल्यासारखं एकेक घास तोडत त्या जेवत होत्या.