परतीचं पान

२०२३ सालच्या भाद्रपदात माझ्या धाकट्या भावाने, हिरामणने, काशी, गोरखपूर आणि काठमांडू अशा तीन ठिकाणी फोन करून चार माणसांच्या मुक्कामाचं सांगून ठेवलं. जाणार होतो आम्ही तिघं.

“चौथं कोण रे?” मी विचारलं.

“तिघांनी निघू नये, बाय. दगड घेतात ना बरोबर.”

आमच्याकडे तीन माणसं कामाला निघाली तर एक खडा उचलून पिशवीत टाकतात. तो चौथा. काम झालं की टाकून द्यायचा. पण त्याच्यासाठी खाट सांगितलेली मी कधी ऐकली नव्हती.

“त्याला पण पाठ टेकायला लागते,” हिरामण म्हणाला.

माझा मुलगा विक्रांत दारात मोजे काढत होता. तो पंचेचाळिशीचा, बदलापूरला राहतो. गाडी त्याची, चालवणार तोच. “मामा, मग त्याचं मतदान कार्ड पण काढा. नेपाळच्या बॉर्डरवर आधारचा भरवसा नाय म्हणतात.”

मी हसले. हिरामण हसला नाही.

हिरामण सगळ्या अंबरनाथला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा म्हणून माहीत. मोटार उघडण्याआधी तो स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिच्यावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. आतलं काय झिजलंय ते त्याला ऐकू यायचं. मूलबाळ नाही. बायको तुळशी शिवमंदिराजवळ बेल-फुलं विकायची. मी विधवा झाल्यावर त्या दोघांकडेच राहायला आले. २०२१ च्या मे महिन्यात, लॉकडाऊनमध्ये, तुळशी तापाने गेली.

प्रवासाचा बेत तिचाच. वीस वर्षं ती देवळात येणाऱ्या लांबच्या माणसांना विचारत बसायची, तुम्ही कुठून आलात, वाटेत काय बघितलंत, कुठे थांबलात. मग कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पाठीवर लिहून ठेवायची. अंबरनाथपासून पशुपतीपर्यंत, गाडीने. ‘ओंकारेश्वर. नावेतून जाताना डावीकडे बसावे.’ ‘भोजपूर. देऊळ अर्धवट राहिलेले. आपल्या देवळात पिंडीला खाली उतरतो, तिथे मान वर करून बघायचे.’ ‘ओरछा. नदीवर बायकांना आडोसा आहे.’ बदलापूरच्या पुढे ती स्वतः कधी गेली नव्हती. हिरामण दरवर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी नेतो.

आता तो त्याच पानांवरून फोन लावत होता. एक ठिकाण बदललं नाही.

निघण्याआधी गाडीची चाचणी म्हणून आम्ही बारवी धरणाकडे फेरी मारली. सकाळचे दहा वाजले असतील. हिरामण माझ्याशेजारी मागे बसला. पुढच्या सीटवर त्याने फडक्यात गुंडाळलेला दगड ठेवला.

“मामा, तुम्ही पुढे बसा की. पाय मोकळे राहतील.”

“पुढं त्याला राहू दे.”

बदलापुरातलं कात्रप ओलांडलं आणि गाडी टिंग टिंग वाजायला लागली. पट्टा न लावता कोणी पुढे बसलं की वाजते तशी. विक्रांतने दगड उचलून माझ्याकडे दिला. आवाज बंद. परत ठेवला, परत सुरू. शेवटी हिरामण मागून वाकला, रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून त्याने खटकन लावला. मग घरी येईपर्यंत गाडी गप्प होती.

दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये हरेशच्या गॅरेजवर गेलो. हरेश सिंधी, हिरामणचा जुना दोस्त. त्याने सीटखालचा सेन्सर बदलला. “साईं, आता खरं वजन बसलं तरच वाजेल.” त्याने पान्यांची पेटी ठेवून बघितली. गाडी वाजली. पेटी काढली, गप्प झाली. मग हिरामणने दगड ठेवला.

टिंग टिंग.

हरेशने हात पुसले. पुसून झाल्यावर परत पुसले. “पाव किलोच्या पत्थराने वाजत नसतं, हिरामण.”

“मशीन खोटं नाय बोलत,” हिरामण म्हणाला.

“ते मला नको शिकवू. तूच उचल आता. मी हात नाही लावणार.”

त्या दुपारी हिरामण अंघोळीला गेला तेव्हा मी फडकं सोडलं. काळा, चपटा दगड. एका कडेला तुटलेला, बोट रुतेल एवढी खोच. हा दगड मी दहा दिवस पाहिला होता. स्मशानात मडक्याला भोक पाडतात तो, तुळशीचा जीवखडा. दर्भ बांधून दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला. दहाव्याला तो पाण्यात सोडायचा असतो. त्याच्यात माणूस असतं म्हणतात, आणि सोडेपर्यंत ते जात नाही. हिरामणने वालधुनीत दगड सोडला, ते आम्ही काठावरून बघितलं होतं.

आणि तुळशीला गाडी लागायची. ती कायम पुढेच बसायची.

तो डोकं पुसत बाहेर आला आणि फडकं उघडं बघून उभा राहिला.

“नदीत काय टाकलंस मग?”

“तिथलाच एक.”

“अडीच वर्षं तिला घरात अडकवून ठेवलीस?”

“नेतो म्हणालो होतो, बाय. न नेता सोडू कसा?”

मी कॅलेंडरची पानं जमिनीवर पसरली आणि पहिल्यांदा सगळी नीट वाचली. ओंकारेश्वर, भोजपूर, ओरछा, प्रयाग, काशी, गोरखपूर. सोनौलीला नाका, तिथे गाडीचा परवाना काढायचा. लुंबिनी. मनकामना, तारेवरच्या पाळण्यातून वर. काठमांडू, पशुपती. ‘मागच्या बाजूने बागमतीला उतरावे. पायऱ्या निसरड्या.’ तिथे पान संपत होतं. पुढचं पान नव्हतं.

“परतीचं कुठे आहे?”

“तिने लिहिलंच नाय.”

“तू तरी कुठे लिहिलंस?”

तो पानं गोळा करायला लागला. त्याने विक्रांतच्या नावाने काय काय करून ठेवलंय ते मला तेव्हा आठवलं. घराचे कागद, दुकानाची किल्ली, हत्यारांची पेटीसुद्धा. म्हातारा माणूस लांब निघाला की आवराआवर करतो, असं मी समजले होते.

“हिरामण, तू परत येणार आहेस का?”

“पायऱ्या निसरड्या हायेत,” तो म्हणाला. “तिला एकटीला कशी उतरवू?”

भिंतीवरचं कॅलेंडर मी खाली काढलं. श्रावणाचं पान फाडलं, उलटं केलं आणि पेन घेतलं. माझं अक्षर तुळशीसारखं नाही, मी चौथीपर्यंतच शिकले. लिहिलं, ‘काठमांडूहून परत. माणसे तीन.’ मग एकेक गाव विचारत गेले. चितवन लिहू का? अयोध्या? तो पानांच्या कडा जुळवत बसला होता. मी लिहितच राहिले. चित्रकूट लिहिताना तो हळूच म्हणाला, “जबलपूरवरून ये. धबधबा चांगला हाय म्हणतात.”

“ये नाही. येऊ म्हण.”

त्याने माझ्यापुढचं पान ओढून घेऊन वाचलं. “येऊ,” तो म्हणाला.

दिवाळीनंतर आम्ही निघालो. पुढच्या सीटचा पट्टा लावलेला होता. प्रत्येक मुक्कामी हिरामणने चौथ्या खाटेवर दगड ठेवला, आणि सकाळी त्या खाटेची चादर चुरगळलेली असायची. ती मी विक्रांत उठायच्या आत सारखी करायचे. बागमतीच्या पायऱ्यांवर मी हिरामणचा डावा हात घट्ट धरून ठेवला होता. उजव्या हाताने त्याने तिला सोडलं.

परतताना सोनौलीला त्याने पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक पुढच्या सीटला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या. विक्रांतने त्याला घाई केली नाही.

“काय नाय आता,” तो म्हणाला आणि मागे येऊन बसला.

हरेशने गॅरेज मुलाला दिलं. वाटेत भेटला की गाडीचं विचारतो आणि उत्तराला थांबत नाही. विक्रांतची बदली पुण्याला झाली, रविवारी येतो. तुळशीच्या जागी दुसरी एक बाई फुलं विकते, तिला मी बेल निवडून देते. हिरामण परत आल्यावर आठ महिने जगला आणि आपल्या खाटेवर, दुपारी झोपेत गेला.

त्याच्या दहाव्याला विक्रांतच्या हातात दगड मी दिला. तो कोनाड्यातला नव्हता, हे त्याला माहीत नाही.

रविवारी तो मला देवळापर्यंत गाडीने नेतो. मी मागेच बसते. बसायच्या आधी पुढचं दार उघडते आणि रिकाम्या सीटचा पट्टा लावून घेते.