टाकी एम.ए. आहे

रंगाच्या कारखान्यात मोठ्या टाकीत कोणी उतरलं, की फोरमन दाराशी पाटी लावायचा, 'टाकी एम.ए. आहे.' एम.ए. म्हणजे माणूस आत. बाहेर आलेल्याला बाकीचे हटकून विचारायचे, "काय रे, झालास का एम.ए.?" तोही म्हणायचा, "झालो, पण पगार तोच!"

त्या दिवशी आत होता फोरमनचा मेहुणा, वेल्डर. रंग घुसळणाऱ्या पात्याला तडा गेला होता. यंत्र नवंकोरं, परदेशी कंपनीचं. चाचणी चालू असल्यामुळे तिकडचे इंजिनियर आपल्या पडद्यावरूनच ते चालवायचे. "चाचणी संपेपर्यंत वीज तोडायची नाही," असं मॅनेजरनं बजावलं होतं. फोरमनला ते मुळीच रुचलं नव्हतं. पण काम घटकाभराचं, म्हणून त्यानं जीभ आवरली.

वरच्या खोलीत मीटिंग सुरू झाली. पडद्यावर कंपनीचे इंजिनियर आणि असंच यंत्र घेतलेल्या निरनिराळ्या देशांतल्या कारखान्यांचे चेहरे. फोरमनचं इंग्रजी मोडकंतोडकं, त्यामुळे तो बोलण्यापेक्षा लिहिणं पसंत करायचा. त्यानं इंग्रजीत टाइप केलं, 'टाकी एम.ए.'

चष्मेवाल्या इंजिनियर बाईंनी अंगठा वर केला. "ठीक. एम.ए. करते."

फोरमननं मान डोलावली, आणि ती अर्ध्यावरच थांबली. करते? माणूस आत आहे, त्यात करायचं काय?

"मॅडम, एम.ए. म्हणजे काय समजलात?"

आवाज अडकत अडकत आला. "मॅन्युअलवरून ऑटोवर. तुम्हीच लिहिलंत ना?"

पायाखालची फरशी हलकेच थरथरली.

"बंद करा! आत माणूस आहे!" फोरमन मराठीतच ओरडला. पलीकडचे चेहरे नुसते बघत राहिले. तो खुर्ची उलथवून जिन्यावरून धडपडत खाली धावला. टाकीतून गुरगुर येत होती, आणि गुरगुरीच्या आतून हाक, "दाजी! ओ दाजी!" मग हाक थांबली. फोरमननं भिंतीवरचं लाल बटण दोन्ही हातांनी दाबलं.

मेहुणा वाचला. डावा पाय मात्र गुडघ्याखाली राहिला नाही. दवाखान्यात फोरमनची बायको भावाच्या उशाशी बसून होती. नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "आख्खं वाक्य लिहायला काय जात होतं?"

आठवड्यानं चौकशीची मीटिंग झाली. सगळे तेच चेहरे. चष्मेवाल्या बाईंचे डोळे सुजलेले. त्यांचे साहेब घाईघाईनं म्हणाले, "झालं ते वाईट झालं. यापुढे सगळीकडे टी.आर.सी. पाळा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅनेजरनंही.

फोरमननं घसा खाकरला. "साहेब, टी.आर.सी. म्हणजे?"

साहेबांनी सांगितलं, 'टर्न ऑफ, रिमूव्ह फ्यूज, चेन', म्हणजे यंत्राला हात लावण्याआधी वीज तोडून कुलूप घालायचं.

मग कोपऱ्यातल्या चौकटीत, दुसऱ्याच देशातल्या कारखान्याचा माणूस एकदम उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आम्हाला वाटलं, 'टेस्ट रन कंटिन्यू', चाचणी पुन्हा चालू करा. खाली तसं कळवलंसुद्धा," तो पुटपुटला आणि चौकटीतून दिसेनासा झाला. मागे जिन्यावरून धावत उतरणारी पावलं तेवढी ऐकू येत राहिली.