शुक्रवारपर्यंतची मुदत

लोरेन पेल्कीने ठोकळा तिसऱ्यांदा पुसला, हाताची ऊब जाईपर्यंत थांबली आणि पुन्हा मोजला. आकडा तोच. एक इंचाचा तो पोलादी ठोकळा एका कडेला इंचाच्या दहा हजाराव्या भागाने जास्त भरत होता. केसाचे उभे तीस काप केले, तर त्यातला एक.

मॅसॅच्युसेट्समधल्या त्या गावात चार पिढ्या मायक्रोमीटर, म्हणजे अतिसूक्ष्म जाडी मोजायची उपकरणं, बनत आले होते, आणि कारखान्यातला प्रत्येक नग या ठोकळ्याशी ताडूनच बाहेर पडे. ताडणारी माणसं दोनच: लोरेन आणि आर्मांद थिबो. सव्वीस वर्षांपूर्वी तिला हे काम त्यानेच शिकवलं होतं.

भिंगाखाली कड चेपलेली दिसली. ठोकळा पडला होता, आणि तिच्या हातून नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्यासमोर जाऊन बसली. "आर्मांद, एक इंची ठोकळा पडला होता का?"

त्याने सूपच्या डब्याचं झाकण सावकाश लावलं. "ऑगस्टमध्ये. हात थरथरतो हल्ली."

"मग मोजून नाही पाहिलात?"

"मोजला असता तर दिसलं असतं ना."

"दोन महिन्यांचा माल बाहेर गेलाय."

"मला का ठाऊक नाही? पोरी, शुक्रवारपर्यंत थांब. नोव्हाकला मीच सांगतो. बेचाळीस वर्षं काढलीत इथे, दुसऱ्याच्या तोंडून नको जायला."

लोरेनला नाही म्हणवेना. तिने तो ठोकळा कुलपात टाकला आणि राखीव संच काढला. पण आधी तपासून ठेवलेले नग रोज पॅकिंगकडे जात होते. मंगळवारी गाडा दारातून गेला, तेव्हा तिने मान खाली घातली. बुधवारीही घातली.

शुक्रवारी तीन वाजता आर्मांदने कोट चढवला. "डोकं दुखतंय," म्हणाला आणि गेला. नोव्हाकच्या केबिनकडे त्याने पाहिलंही नाही.

मग ती स्वतः गेली. कारखान्याचा प्रमुख नोव्हाक याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्याने एकच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. "सोमवारी," ती म्हणाली.

"म्हणजे चार दिवस. तेवढ्यात किती गेले?"

"बावीस पेट्या."

नोव्हाकने चष्मा काढून डोळे चोळले.

सगळा माल परत मागवला. दोन गिऱ्हाइकांना या मायक्रोमीटरने मोजून बनवलेले तयार भाग भंगारात काढावे लागले. कुणाला इजा झाली नाही, एवढंच नशीब. आर्मांदला निरोप समारंभाशिवाय घरी पाठवलं, आणि लोरेनला पॅकिंगमध्ये, जिथे कुणी काही मोजत नाही.

नोव्हेंबरात दुकानात आर्मांदची बायको इव्हेट भेटली. "दिवसभर खिडकीत बसून असतात," ती म्हणाली. "आणखी एक दिवस थांबली असतीस तर सांगितलं असतं त्यांनी."

"इव्हेट, मी थांबले, तेच चुकलं."

इव्हेटने सामानाची ढकलगाडी वळवली आणि ती पावाच्या कप्प्याकडे निघून गेली.