नवलच्या नावाची मूठ

"नवलनी मूठ लेवानी का, वहिनी?" अभिमनने सुपाकडे बघत हळूच विचारलं.

श्रावणातल्या कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू काढणं चाललं होतं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. ताईबाईचे धाकटे दीर अभिमन त्यासाठीच धुळ्याकडच्या गावाहून पिंप्राळ्याला आले होते.

"लेवानी ना, भाऊ. तो काय परका व्हयना का?" ताईबाई म्हणाली.

"तसं नही. पन तो रोट खाई कोन?"

"येई ना तो."

रोट भाऊबंदांबाहेर द्यायचा नाही, टाकायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचा. ताईबाईने मूठ भरली, वर पाव मूठ घातली.

ताईबाईचा मुलगा नवल सीमेवरच्या रस्त्याच्या कामावर पोकलेन, खोदाईचं मशीन, चालवायचा. आषाढात दरड कोसळली. तिच्याखालून मशीन निघालं, तो निघाला नाही. तो सैनिक नव्हता, त्यामुळे कुणी साहेब दारात आला नाही. ठेकेदाराचा माणूस फोनवर एवढंच सांगायचा, शोध चालू आहे.

त्याच्याआधी नवलने एकदा फोनवर ताईबाईला समजावलं होतं. "माय, समोरला देशनी डोंगर फोडीसन पल्याडना दुसरा दुश्मन देशले सडक जोडी दिधी. दोन्ही दुश्मन आते एकच सडकवर. बर्फ पडाना पहिले आपली सडक व्हवाले पाहिजे."

"मंग तुले कशानी घाई रे?"

तो हसला होता. "मी नही खणसू ते कोन खणी?"

रोट झाले, देवीला दाखवले, सगळे जेवले. नवलचा रोट त्याच्या बायकोने, सपनाने, फडक्यात गुंडाळून शिंकाळ्यात ठेवला.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी सपना मोबाईल घेऊन सासूजवळ येऊन बसली. पडद्यावर काळाभोर रस्ता होता, झेंडे होते, लष्कराचे ट्रक एकामागून एक चालले होते. शेजाऱ्याला चोख उत्तर, असं निवेदक सांगत होता.

"हाई तीच सडक शे का?"

"हो, आई."

"डांबर पडी गयं?"

"हो."

ताईबाईने तो रस्ता पुन्हा लावायला सांगितला. वळणावर कापलेला डोंगर दिसला, त्याच्या पायथ्याशी नवी कोरी पांढरी पट्टी.

"मंग आते तठे त्याले काढाले कोन खणी?"

सपनाने मोबाईल पालथा ठेवला.

ताईबाईने उठून शिंकाळ्यातला रोट काढला. तो वाळून दगड झाला होता. तिने तो गुडघ्यावर मोडला, अर्धा सपनाच्या हातावर ठेवला आणि अर्धा स्वतः चावायला घेतला. दोघींनी तो चावून चावून संपवला. शेवटी लुगड्यावर पडलेला चुरा ताईबाईने बोटाने टिपून घेतला, एक कणही न सोडता.