टेबलावर एकच डबा

"पापा, ऐली खाली येतेय हं!" ब्रिटाने तळघराच्या जिन्यावरून हाक मारली आणि थांबली. खाली डबा उचलल्याचा आवाज झाला, लोखंडी कपाटाचं दार करकरलं, कुलूप खटकन बसलं. मगच तिने लेकीचा हात सोडला.

हा नियम तिचाच. रेनो लाह्टी, तिचे सासरे, हरणांचा हंगाम जवळ आला की तळघरातल्या टेबलाशी बसत आणि उडवून झालेली काडतुसं पुन्हा भरत. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं होतं. सून घरात आली तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण ऐली रांगू लागली, मग चालू लागली, आणि ब्रिटाला घरातली प्रत्येक वस्तू मुलीच्या उंचीवरून दिसायला लागली. बारुदाचा डबा मूल खाली असताना कुलपातच हवा, असं तिने ठणकावून सांगितलं. रेनोंनी ते मुकाट्याने मानलं. शेजाऱ्याला मात्र सांगितलं, "या घरात दोन कायदे चालतात. सरकारचा मोडला तर दंड भरायचा, सुनेचा मोडला तर कॉफी बंद!"

सकाळी ऐलीने आजोबांजवळ तासभर रिकाम्या डब्या रचल्या, पाडल्या, आणि वर येऊन झोपली. दुपारी ब्रिटा कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घेऊन खाली गेली तेव्हा रेनो रायफलीची काडतुसं भरत होते. नवरा जॅरेड परवा पहाटे जंगलात जाणार होता, त्याच्यासाठी. बारुदाचं माप म्हणजे टेबलाच्या कडेला बसवलेली एक उभी नळी. वरून बारूद ओतायचं, खालचा दांडा फिरवला की एका काडतुसापुरतं पडतं. काही दाणे खालच्या पांढऱ्या कागदावर सांडले होते.

"ये, ठेव इथे. पाव कालचाच ना? कालचाच बरा, कॉफीत बुडवला की तोंडात विरघळतो."

ब्रिटाने कप ठेवला आणि तिची नजर कागदावर गेली ती तिथेच राहिली. तांदूळ निवडताना खडा दिसावा तसं झालं. काळपट दाणे रंगाने सगळे सारखेच, पण काही लांबुळके, पेन्सिलीचं शिसं मोडल्यासारखे, आणि मध्येच काही चपटे, टिकलीसारखे.

"पापा, एक विचारू?"

"विचार. नको म्हटलं तर थोडीच थांबणार आहेस."

"रायफलीच्या बारुदात चपटे दाणे असतात?"

"छे. चपटे पिस्तुलाचे." रेनोंनी पाव कॉफीत बुडवला. बुडवलेला हात तसाच राहिला. तुकडा गळून कपात पडला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि कागदावर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

सकाळी त्यांनी पिस्तुलाची काडतुसं भरायला घेतली होती. ऐली खाली आली तेव्हा डबा कपाटात गेला, पण नळीत बारूद तसंच उरलं होतं. जेवणानंतर त्यांनी रायफलीचा डबा काढला, नळीत काहीतरी दिसलं, आणि हात सवयीने चालला. नळीतलं उरलेलं समोरच्या डब्यात परत ओतायचं, ही चाळीस वर्षांची सवय. समोरचा डबा मात्र आज दुसरा होता.

"टेबलावर एकच डबा," रेनो पुटपुटले, "आणि नळी रिकामी होईपर्यंत तो जागचा हलवायचा नाही." हेच त्यांनी जॅरेडकडून लहानपणी पाढ्यासारखं म्हणून घेतलं होतं.

ब्रिटाने वर जिन्याकडे पाहिलं. डबा जागचा हलवायला लावला होता तो तिच्याच नियमाने.

"किती होतं नळीत?" तिने विचारलं.

"फार नसेल. तळाला होतं." रेनोंनी भरलेल्या काडतुसांच्या पेटीकडे पाहिलं, मग डब्याकडे. डबा जवळजवळ भरलेला. हे बारूद या वर्षी दुकानात मिळतच नव्हतं, दूरच्या शहरापर्यंत जाऊन आणलं होतं. "एवढ्या डब्यात चिमूटभर... तसं बघितलं तर..."

ते थांबले. रायफलीचं बारूद ओंडक्यासारखं दमाने जळतं, पिस्तुलाचं कागदासारखं भसकन, आणि त्याने रायफल फुटू शकते, हे ब्रिटालाही एव्हाना माहीत होतं. चिमूट सगळीकडे सारखी पसरली असेल की एखाद्याच काडतुसात एकवटली असेल, हे कोण सांगणार? आणि रायफलीचा मागचा भाग जॅरेडच्या गालाला टेकलेला असतो.

तिला आणखी एक ठाऊक होतं. गेल्या महिन्यात रेनो सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, भट्टी पेटती ठेवून झोपले, तेव्हापासून जॅरेड दोनदा म्हणाला होता, "पापांचं ते टेबल आता आवरायला हवं." भिंती पातळ होत्या. रेनोंनी ऐकलं नसेल, असं नव्हतं.

"चिमूटभर नाही न् मूठभर नाही," रेनो शेवटी म्हणाले आणि उठले. "मिसळलं ते गेलं. निवडायला तो काय तांदूळ आहे! पोरी, तो पोकळ हातोडा दे. खिळ्याला टांगलाय."

भरलेलं एकेक काडतूस ते हातोड्याच्या पोकळीत बसवत आणि लाकडी ठोकळ्यावर आपटत. दोन-तीन ठोक्यांत गोळी सुटे, बारूद मोकळं होई. ब्रिटा गोळ्या एका वाडग्यात वेचत होती. ठक, ठक.

"जॅरेडला सांगायचं का?" तिने हळूच विचारलं. "दुकानातली पेटी आणू शकते मी. त्याला कळणारही नाही."

"दुकानातली त्याला एका नजरेत कळेल." ठक. "आणि लपवलं की माझं टेबल राहीलही, पण मग मी इथे बसायच्या लायकीचा राहणार नाही."

सगळं बारूद, डब्यातलंसुद्धा, घेऊन दोघं परसात गेले. गवतावर बर्फाचा पातळ थर होता. रेनोंनी ते दाणे पेरणीसारखे विरळ, दूरवर फेकले, कुठे ढीग होऊ दिला नाही.

"गवताला खत होतं याचं," ते म्हणाले. "माझा बाप म्हणायचा, सगळ्यात महागडं गवत आपल्याच दारात."

ब्रिटाला हसू आलं आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

रात्रीच्या जेवणाला बटाट्याचं कालवण होतं. जॅरेडने बूट काढले, ऐलीला मांडीवर घेतलं, आणि रेनोंनी त्याला पहिला घास घेऊ दिला. मग सांगितलं. काही गाळलं नाही, काही जोडलं नाही. जॅरेडने काटा ताटात ठेवला.

"मी ती काडतुसं घेऊन गेलो असतो."

"हो."

"पापा, मी म्हणतच होतो की ते टेबल..."

"डबा मी हलवायला लावला," ब्रिटा म्हणाली. "रोज लावते. नळी रिकामी आहे का, हे मी एकदाही विचारलं नाही. मला फक्त कुलपाचा आवाज ऐकायचा असतो."

"तुझा काय दोष यात?"

"दोष नाही म्हणत मी. त्यांचा नियम बरोबर, माझाही बरोबर. दोन्ही एका वेळी पाळता येत नाहीत, एवढंच म्हणतेय."

जॅरेड बापाकडे बघत राहिला. ऐलीने त्याच्या ताटातला बटाटा उचलला आणि आजोबांच्या ताटात नेऊन ठेवला. रेनोंनी तो निमूटपणे खाल्ला.

"वरच्या जिन्याला ऐलीसाठी लावलेलं फाटक," जॅरेड सावकाश म्हणाला, "ते खालच्या जिन्याला बसेल का?"

"बसवलं तर बसेल," रेनो म्हणाले.

"मग टेबल उघडं तेव्हा जिना बंद. आणि पापा, परवा पहाटे निघायचंय मला. शेजारच्यांकडे ते बारूद असतं. उद्या संध्याकाळपर्यंत होतील माझी काडतुसं?"

रेनोंनी ताट बाजूला सारलं. "दुपारपर्यंत होतील. पण प्रत्येक दाणा तुझ्या बायकोच्या नजरेखालून जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं भरून झालं होतं आणि ब्रिटा फाटकाशी ऐलीला धरून उभी होती. डबा खाली टेबलावर उघडा होता. तिचा हात दोनदा कडीपर्यंत गेला आणि मागे आला. ऐली फाटकाच्या गजांतून आजोबांना "पापा, पापा" अशा हाका मारत होती.

"थांब म्हणावं तिला," खालून आवाज आला. मग नळीतलं उरलेलं डब्यात ओतल्याची सळसळ झाली. रेनोंनी नळीला बोटाने टिचक्या मारल्या, एक दाणासुद्धा अडकू नये म्हणून. झाकण बसलं. कपाटाचं दार करकरलं. कुलूप खटकन लागलं.

ब्रिटाने कडी काढली.