दहा मिनिटांनी दुसरा फोन

भाऊसोच्या घरात लेकीला रागवायचं काम त्याचं आणि समजूत घालायचं काम हरणाबाईचं. अशी वाटणी कुणी ठरवली नव्हती, पडून गेली होती. समीक्षा जत सोडून कराडला इंजिनिअरिंगला गेली, तरी ती चालूच राहिली, फक्त फोनवर. भाऊसो आपल्या फोनवरून ओरडायचा, "मार्क कमी का पडलं? तिथं जत्रंला गेलीस व्हय?" आणि फोन ठेवायचा. मग बरोबर दहा मिनिटांनी हरणाबाई तिच्या फोनवरून लावायची. "जेवलीस का गं? आप्पाचं मनावर घेऊ नगंस. मेंढरांवर वरडून वरडून तोंडाला सवय लागलीया." भाऊसो शेजारी बसून सगळं ऐकायचा आणि न ऐकल्यासारखं करायचा.

दिवाळीनंतर हरणाबाई गेली. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत आटोपलं. पहिला फोन तेवढा राहिला, दुसरा थांबला. तिचा फोन भाऊसोने ट्रंकेत ठेवला होता. दर महिन्याला त्यात रिचार्ज मारायचा, चार्जिंग करायचा आणि परत ठेवून द्यायचा. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आता मे महिना होता आणि समीक्षा पंधरा दिवस फोन उचलत नव्हती. शेवटी तिच्या खोलीतल्या अंकिताचाच फोन आला. "काका, ती धड जेवत नाही, झोपत नाही. शेवटच्या वर्षाचे पेपर आठवड्यावर आलेत आणि बसणारच नाही म्हणते. मी सांगितलं म्हणून सांगू नका हां."

भाऊसोच्या तोंडात आधी शिव्याच आल्या. दुसरं काही त्याच्याकडं नव्हतंच.

त्या दुपारी रानात त्याच्या जोडीचा मेंढपाळ धुळा आई मेलेलं एक कोकरू शेळीला लावत होता. कळपात दोन-चार शेळ्या त्याच्यासाठीच ठेवलेल्या असतात. शेळी लाथा झाडत होती आणि धुळाने तिचा मागचा पाय धरून ठेवला होता.

"घील का रं ही त्याला?" भाऊसोने विचारलं.

"आज न्हाई घ्यायची. तीन-चार दिस अशीच धरून उभी करायची. मग आपसूक उभी ऱ्हाती."

"पर शेळीच ती. मेंढी व्हतीया व्हय?"

"मेंढी कशाला व्हायला पायजे, गड्या? दूध दिलं म्हंजी झालं. कोकरू काय दाखला बघतंय?"

भाऊसो संध्याकाळी घरी आला, हातपाय धुतले आणि ट्रंकेतला फोन काढून समीक्षाला लावला. पहिल्याच रिंगला तो उचलला गेला. पलीकडून बारीक आवाजात, "आई?"

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. लेकीच्या फोनवर अजून ते नाव येत असणार! तरी आपल्या घोगऱ्या आवाजात त्याने ठरवून आलेलं तेवढं विचारलं, "जेवलीस का गं?"

"आप्पा! अवो काय हे? माझं काळीज बंद पडलं असतं की!"

"चुकलं बाय माझं. हा समजुतीचा फोन हाय, म्हून ह्याच्यावरनं लावला."

"समजुतीचा फोन!" समीक्षा हसली. हसता हसता रडायला लागली आणि थांबेचना. तेराव्यालाही ती रडली नव्हती, पाहुण्यांना चहा देत फिरत होती. फोन ठेवून पळावं असं भाऊसोला तीनदा वाटलं, पण धुळाने पाय धरल्यासारखा तो जागेवर बसून राहिला.

मग तीच म्हणाली, "मागच्या टायमाला दोन विषय राहिलं माझं. तुमाला सांगितलं न्हाई. पुस्तक उघडलं की आई आठवती. पेपरला बसून लिहू काय?"

दोन विषय! भाऊसोची जीभ वळवळली. "थांब," तो म्हणाला, "ह्याचं उत्तर तोंडात आलंय, पर ते ह्या फोनवर चालत न्हाई."

"मग दुसऱ्यावरनं लावा."

"लावतो. आदी जेव. मेसला काय हाय?"

"वांगं."

"मग अंकिताला अंडी तळाय सांग. वांगं तू खात न्हाईस."

"तुमाला कसं म्हाईत?"

"शेजारी बसून ऐकत व्हतो की."

दहा मिनिटांनी त्याने आपल्या फोनवरून लावला. "दोन विषय लपवलंस? आँ? नापास झालीस तरी चालंल, पर पेपरला बसायचं! मी येऊन गेटबाहेर झाडाखाली थांबतो."

"आणि मेंढरं?"

"धुळा बघंल. तू मेंढरांचं बोलू नगंस!"

"बरं बरं, बसती. किती वरडताय," समीक्षा म्हणाली. पण तिच्या तोंडात घास होता, आणि तो भाऊसोला ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन वाजला.

"आप्पा, जेवला का?"

दिवाळीपासून त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. "व्हय, जेवलो की," तो म्हणाला.

"काय केलं व्हतं?"

त्याने समोरची कपबशी बाजूला सारली, ती वाजली.

"चहात बेकरीचं बटर बुडवून खाल्लं न्हवं? सा म्हयनं झालं, अजून भाकरी थापाय येत न्हाई? आणि येत न्हाई तर धुळाकाकाकडं ताट मागाय लाज वाटती व्हय? आजारी पडलासा तर गेटबाहेर कोण थांबणार?" आणि तिने फोन ठेवून दिला.

भाऊसो फोनकडं बघत राहिला. आवाज सोडला तर सगळं त्याचंच होतं. मग तो उठला, हरणाबाईचा फोन ट्रंकेतून काढून समोर ठेवला आणि घड्याळावर एक डोळा ठेवून परातीत पीठ घेतलं.